छाती वाजते, पण आजार कोणता?

प्रश्न : आईचं वय ५८. वर्षभरापासून खोकला आहे, जिना चढताना धाप लागते, रात्री छाती वाजते. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, दुसऱ्यांनी सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार). शेजारच्या काकूंना पंपाने बरं वाटतं म्हणून आईनेही तोच सुरू केलाय. नेमकं काय झालंय हे कसं ओळखायचं?

उत्तर : छाती वाजते म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्यात, एवढंच कळतं. कशामुळे, ते नुसत्या आवाजावरून मलाही सांगता येत नाही. म्हणून स्टेथोस्कोप लावण्याआधी मी बराच वेळ विचारत बसतो, आणि पहिला प्रश्न असतो : मधले दिवस कसे जातात?

दम्यात चढउतार असतात. आठवडाभर काही नाही, मग धूळ, उग्र वास किंवा साधी सर्दी निमित्त होते आणि पहाटे जाग येते. अशा माणसाला बरेचदा लहानपणापासून शिंका, इसब असतो, किंवा घरात कुणाला तरी दमा असतो. सीओपीडीत पूर्ण मोकळा दिवस सहसा मिळत नाही. पूर्वी दोन मजले चढणारा माणूस काही वर्षांत एका मजल्यावर थांबतो, आणि ते वयावर ढकललं जातं.

इथे मला कळकळीने सांगायचंय. ‘आईने कधी सिगारेट ओढली नाही’ एवढं ऐकून सीओपीडीचा विचार सोडू नका. वर्षानुवर्षं चुलीचा धूर छातीत गेला असेल, तरी हाच आजार होतो. बायकांना हे कुणी विचारतच नाही. तुम्ही आईला विचारा, आणि डॉक्टरांना आपणहून सांगा.

तुम्ही ‘रात्री’ लिहिलंत, तेही नीट बघा. आडवं पडलं की धाप लागते, उठून बसलं की बरं वाटतं, पावलांवर सूज आहे, असं असेल तर दुखणं हृदयाचं असू शकतं. मग ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा. संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन किंवा बेडक्यात रक्त असेल, तर आधी क्षयासाठी बेडका तपासा.

दमा की सीओपीडी, यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, करा. जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं, मग औषध ओढून थोड्या वेळाने पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून जास्त आणि किमान २०० मिलीलिटरने वाढली, तर दम्याकडे कल. औषधानंतरही ती एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमीच राहिली, तर सीओपीडीकडे. काहींना दोन्ही असतात. दमा शांत असताना चाचणी अगदी नॉर्मल येऊ शकते, तेव्हा एका कागदावर दमा नाही असं ठरवू नका. एक्स-रेवरही विसंबू नका. दम्यात तो बहुतेक वेळा स्वच्छ असतो.

काकूंचा पंप आजच बाजूला ठेवा. दम्यात सूज उतरवणारं स्टेरॉइड ओढणं हा उपचाराचा पाया आहे. सीओपीडीत ते सरसकट देत नाहीत, कारण न्यूमोनियाचा धोका वाढतो. आईला बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर चाचण्यांची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा. एरवी तपासणीला जाताना तो पंप सोबत न्या आणि ती कसा घेते ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा.