पोस्टग्रेसला 0.0.0.0/0 ठेवून नुसत्या पासवर्डवर भागेल का?

तुम्ही लिहिलंय की टीम घरून काम करते, प्रत्येकाचा आयपी सारखा बदलतो, म्हणून क्लाउडवरचा पोस्टग्रेस डेटाबेस 0.0.0.0/0 ठेवून, म्हणजे कुठल्याही आयपी पत्त्यावरून जोडता येईल असा, सगळ्या जगाला उघडा आहे, पण पासवर्ड भक्कम आहे.

कृपा करून ही मोकळी वाट आजच बंद करा. पासवर्ड विचारायच्या आधीसुद्धा सर्व्हर समोरच्याचं थोडंफार ऐकत असतो. एप्रिल 2013 मध्ये पोस्टग्रेसची एक त्रुटी जाहीर झाली होती: 9.0 ते 9.2 आवृत्त्यांमध्ये '-' ने सुरू होणारं डेटाबेसचं नाव देऊन कनेक्शन मागितलं की सर्व्हरवरच्या फायली बिघडवता येत होत्या. लॉगिनची गरजच नव्हती, पोर्टपर्यंत (सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारावर कनेक्शन घेतो तिथपर्यंत) पोहोचता आलं की पुरे. तिथे कसला भक्कम पासवर्ड कामाला येणार?

बदलत्या आयपींच्या मागे धावू नका. मोबाइल इंटरनेटवर तर एकच पत्ता असंख्य ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. तो यादीत घातलात तर त्या सगळ्यांना वाट मोकळी. त्यापेक्षा स्थिर आयपी असलेला एक छोटा सर्व्हर घ्या, त्यावर वायरगार्ड (एक व्हीपीएन) किंवा पासवर्डऐवजी की-फाइल (key) वापरून एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) ठेवा आणि सगळ्यांना त्यातूनच यायला लावा. मग क्लाउडच्या फायरवॉलमध्ये 5432 या पोस्टग्रेसच्या नेहमीच्या पोर्टसाठी दोनच पत्ते उरतात: हा सर्व्हर आणि तुमचं ॲप. दोन्ही /32 लावून, म्हणजे नेमका तो एकेकच पत्ता.

त्यानंतर कोणाला कुठून जोडू द्यायचं हे ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या पीजी_एचबीए (pg_hba.conf) फाइलमध्येही तेच दोन पत्ते लिहा, 'होस्ट'ऐवजी 'होस्टएसएसएल' (hostssl, फक्त एन्क्रिप्टेड कनेक्शन) आणि स्क्रॅम (scram-sha-256, पासवर्ड तपासायची सुरक्षित पद्धत) वापरून. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते, पुढचं बघितलंच जात नाही. म्हणून नवीन ओळी घालून थांबू नका, 0.0.0.0/0 ची जुनी ओळ शोधून काढून टाका. आयपीव्ही6 पत्त्यांसाठी तोच अर्थ असलेली '::/0' ही ओळ बरेचदा नजरेतून सुटते, तीही बघा. या बदलांना रीलोड पुरतो, रीस्टार्ट लागत नाही.

पोस्टग्रेस डॉकरमध्ये (कंटेनरमध्ये) चालत असेल तर मशीनवरच्या यूएफडब्ल्यू या लिनक्स फायरवॉलच्या भरवशावर राहू नका. डॉकरने पब्लिश केलेला (बाहेर उघडलेला) पोर्ट यूएफडब्ल्यूचे नियम डावलून उघडतो.

शेवटी मोबाइल डेटावरून जोडून बघा. कनेक्शन टाइमआउट व्हायला हवं. 'पीजी_एचबीएमध्ये नोंद नाही' असा संदेश आला, तर विनंती पोस्टग्रेसपर्यंत पोहोचतेय, म्हणजे फायरवॉल अजून उघडीच आहे.