इंग्रजीची पदवी, कम्युनिटी कॉलेज आणि शेवटचं ‘टी’

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: “मुलीचं हायस्कूल यंदा संपलं. तिला इंग्रजी साहित्यातच पदवी करायची आहे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बर्कलीला प्रवेश मिळाला नाही. जिथे मिळाला तिथला राहण्या-जेवणासकट खर्च आम्हाला झेपणारा नाही. ती म्हणते, घराजवळच्या ओलोनी या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिकते आणि मग विद्यापीठात जाते. खरंच जाता येतं का, की दोन वर्षं फुकट जातील? तिच्या बाबांचं म्हणणं, इंग्रजीच करायचं तर सोबत काहीतरी कामाचं शीक. आणि महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं, की ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणताना माझी जीभ अडखळते. आमचं सगळ्यांचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं.”

ताई, नमस्कार.

आधी त्या अडखळणाऱ्या जिभेबद्दल. यूसीमध्ये ट्रान्स्फरने, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधूनच, येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात. ही मागच्या दाराची वाट नाही. १९६०च्या मास्टर प्लॅनपासून इथल्या सरकारी उच्च शिक्षणाची रचनाच अशी आहे, की पहिली दोन वर्षं घराजवळ, कमी पैशांत करता यावीत आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता यावं. हातात पडणारी पदवी विद्यापीठाचीच असते. आपल्याकडे बारावीला मार्क कमी पडले की मूल ‘कुठेतरी’ जातं, तो हिशेब इथे लावू नका, आणि मुलीसमोर तर मुळीच नको.

आता ‘फुकट जातील का’. आंधळेपणाने कोर्स घेतले तर हो, जातात. कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीच्या दोन वर्षांच्या दोन पदव्या दिसू शकतात, ‘एए’ (असोसिएट ऑफ आर्ट्स) आणि ‘एए-टी’. फरक एका अक्षराचा, पण त्या ‘टी’च्या मागे २०१०चा कायदा उभा आहे. ६० सेमिस्टर युनिटांची (म्हणजे क्रेडिट्सची) ही ट्रान्स्फर पदवी घेतली, की कॅल स्टेट, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी मिळते आणि मिळत्याजुळत्या विषयात आणखी ६० युनिटांत बीए पुरं होतं. मात्र हमी ‘कॅल स्टेट’ची आहे, तुमच्या आवडत्या कॅम्पसची नाही. साध्या ‘एए’ला हे काहीच लागू नाही. पहिल्याच सत्रात फॉर्मवर विषयापुढे ‘टी’ आहे ना, हे तिच्याकडून बघून घ्या.

त्या ६० युनिटांत साधारण १८ युनिट इंग्रजीचे. चिकित्सक विचार व लेखनाचा कोर्स आणि साहित्याची ओळख हा गाभा. मग ब्रिटिश, अमेरिकन किंवा जागतिक साहित्याच्या आढाव्याचे दोन कोर्स आणि आणखी दोन तिच्या आवडीचे, त्यात सर्जनशील लेखनही बसतं. शिवाय ३४ युनिट ‘कॅल-गेट्सी’चे. २०२५च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्टच्या सत्रापासून, नव्याने सुरू होणाऱ्यांसाठी कॅल स्टेट आणि यूसी दोन्हींना चालणारा हा एकच सामान्य शिक्षणाचा आराखडा आहे. त्यात गणित आहे, प्रयोगशाळेसह विज्ञान आहे, एथ्निक स्टडीज आहे, वक्तृत्वाचाही कोर्स आहे. आधी शिकलेल्या मुलांकडून ऐकलेले कोर्सक्रमांक शोधत बसू नका. राज्यभर समान क्रमांक लागू होत आहेत आणि पहिल्या वर्षाचा निबंधलेखनाचा कोर्स आता ‘इंग्लिश सी १०००’ आहे.

साहित्यवेडी मुलं हमखास अडकतात ती गणितात. एक मुलगा माझ्याकडे दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये आला होता. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, साहित्याचे सात कोर्स, सगळ्यांत ए. गणित ‘पुढच्या सत्रात घेऊ’ करत करत राहूनच गेलेलं. स्प्रिंगचं सत्र संपायच्या आत गणित पुरं नाही, म्हणून फॉलचा प्रवेश हुकला. त्या एका कोर्सपायी वर्ष गेलं. समोर बसून तो ट्रान्सक्रिप्टचा कागद घडी करायचा, उलगडायचा, पुन्हा घडी करायचा. म्हणून सांगते, गणित पहिल्या वर्षातच. संख्याशास्त्र घेतलं तरी चालतं, आणि कॅल-गेट्सीच्या प्रत्येक कोर्समध्ये सी किंवा वरचा ग्रेड हवा. सी-मायनस चालत नाही.

बर्कलीचं काय? ‘एए-टी’ची हमी कॅल स्टेटपुरती आहे, यूसीची नाही. यूसीचे सहा कॅम्पस, म्हणजे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, ‘टॅग’ नावाची वेगळी हमी देतात. त्यांपैकी एकाच ठिकाणी टॅग भरता येतो. अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, आणि तोवर यूसीत धरले जाणारे (ट्रान्स्फरेबल) ३० युनिट पुरे हवेत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, तिथे चुरस आहे. पण टॅग भरला म्हणून बर्कलीचं दार बंद होत नाही. मी तुमच्या मुलीच्या जागी असते, तर सप्टेंबरमध्ये डेव्हिसचा टॅग आणि मग मुख्य अर्जाच्या वेळी बर्कली आणि घरून जाता येण्याजोगे कॅल स्टेटचे दोन कॅम्पस, सॅन होजे स्टेट व ईस्ट बे, सगळीकडे अर्ज केला असता. फ्रीमाँटहून डाउनटाउन बर्कलीला बार्ट या लोकल रेल्वेची ऑरेंज लाइन थेट जाते. तिथे प्रवेश मिळाला तर ती घरी राहूनही शिकू शकेल, आणि तुमचा खर्चाचा प्रश्न बराच हलका होईल.

आता एक काम तुम्ही दोघींनी मिळून करायचं. ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर ओलोनी आणि डेव्हिस निवडा, विषय इंग्रजी. पानाच्या डाव्या बाजूला विद्यापीठाला हवा असलेला कोर्स दिसतो, उजव्या बाजूला त्याच्या जागी ओलोनीतला कुठला चालतो ते. मग तेच बर्कलीसाठी, तेच सॅन होजेसाठी. एखाद्या ओळीत उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ दिसलं तर घाबरायचं नाही, तो कोर्स विद्यापीठात गेल्यावर होईल. पण तीन कागद शेजारी-शेजारी ठेवले की कुठले कोर्स तिन्हीकडे चालतात ते उघड दिसतं. ते आधी घ्यायचे. आधी मुक्काम ठरवायचा, मग कोर्स. बहुतेक मुलं उलटं करतात.

खर्चाचं सांगते. रहिवासी दराने एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांची दोन वर्षांची ही फी बरीच कॉलेजं माफही करतात. ग्रीन कार्ड असल्याने तिला फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येतो, तो भराच. एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पालकांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलं असलेल्या वाचकांनी मात्र एकविसाव्या वाढदिवसाचा हिशेब आधी करावा, कारण त्या दिवशी एच-फोर संपतो. ती टांगती तलवार तुमच्या डोक्यावर नाही, हे फार मोठं ओझं उतरलंय.

बाबांची काळजी मला खरी वाटते, आणि तिची टर उडवू नये. ठरावीक साच्याचं लिखाण यंत्रं करू लागली आहेत, ‘कंटेंट रायटिंग’च्या भरवशावर कोणी इंग्रजी घेऊ नये. पण शाळेतली शिक्षिका व्हायचं तर बीएनंतर साधारण वर्षभराचं क्रेडेन्शियल, आपलं बी.एड. समजा. लॉ स्कूलला कुठलीही पदवी चालते आणि तिथे अवघड मजकूर बारकाईने वाचणारं मूल लागतं. तांत्रिक लेखन हीसुद्धा सॅन होजेच्या परिसरातली जुनी वाट आहे. कॅल-गेट्सी आणि इंग्रजी यांच्यात काही कोर्स दोन्हीकडे मोजले जातात, त्यामुळे साठात थोडी जागा उरते. त्या जागेत बाबांनी सुचवलेला एखादा कोर्स, प्रोग्रॅमिंग म्हणा, अकाउंटिंग म्हणा, तिने घ्यावा. एकच, आणि निवड तिची. तो विद्यापीठाला चालणारा आहे ना, एवढं असिस्टवर बघा.

यूसीच्या अर्जात ट्रान्स्फरच्या मुलांना चार छोटे निबंध लिहावे लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक प्रश्न सक्तीचा: निवडलेल्या विषयाची तयारी तुम्ही कशी केली? त्यासाठी तिने आत्तापासून एक वही ठेवावी. काय वाचलं, कुठल्या ओळीवर अडली, वर्गात कोणाशी वाद झाला, आधीचं मत का बदललं. आजीशी मराठीत बोलताना एखादा शब्द इंग्रजीत नेता येत नाही म्हणून थांबली, तर तेही लिहावं. दीड वर्षाने अर्ज भरताना ही पानं फार उपयोगी पडतील.

ऑगस्टमध्ये सत्र सुरू व्हायच्या आत कॉलेजच्या समुपदेशकाची भेट ठरवा आणि लेखी शैक्षणिक आराखडा करून घ्या. असिस्टचे तीन कागद बरोबर न्या. खोलीत तिला एकटीला जाऊ द्या, तुम्ही बाहेर बसा. आराखडा हातात आला की मला पाठवा, गणित कुठल्या सत्रात टाकलंय ते मी आधी बघेन.