बॅनरवर चित्र का फुटतं? बिटमॅप आणि व्हेक्टरमध्ये फरक काय?

तुम्ही विचारलंय की शंकरपटाच्या दहा फुटी बॅनरसाठी मोबाईलवर स्वतः बैलजोडी काढली, आणि फ्लेक्सवाला म्हणतो, "फुटून राह्यलं भाऊ, व्हेक्टर आणा." यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान आहे. रोजचं काम हेच, म्हणून सांगतो.

तुमचं चित्र १०८० बाय १०८० चं आहे. म्हणजे एका ओळीत १०८० ठिपके आणि अशा १०८० ओळी, एकूण ११,६६,४००. फाईलमध्ये फक्त प्रत्येक ठिपक्याचा रंग आहे. शिंग कुठं संपलं नि आभाळ कुठं लागलं, हे तिला ठाऊक नाही. हे बिटमॅप. ते दहा फुटांवर ताणलं की १२० इंचांत १०८० ठिपके, इंचाला जेमतेम ९. एकेक ठिपका तिळाएवढा होतो. शिंगाच्या वळणाजवळ जाऊन पाहा, कड पायऱ्यापायऱ्यांची दिसेल, नाहीतर धूसर.

व्हेक्टरमध्ये ठिपके साठवलेलेच नसतात. खळं आखताना आपण मधोमध खुंटी ठोकतो, दोर बांधतो आणि फिरतो. दोर दोन हात असो की वीस, गोल तितकाच नितळ. व्हेक्टर फाईल अशा खुंट्या आणि मापं लक्षात ठेवते, रेघ दरवेळी नव्यानं ओढते. वेड्यावाकड्या वळणांचं गणित रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या आकारांसाठी वापरात आणलं. आज कोरल ड्रॉ या व्हेक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण नोड, म्हणजे रेघेवरचा बिंदू, धरून रेघ वाकवतो, ती त्यांचीच.

ट्रॅक्टरवरचं नाव रेडियममध्ये कापताना फरक अगदी उघडा पडतो. प्लॉटरच्या, म्हणजे रेडियम कापायच्या मशीनच्या, पात्याला रंग कळत नाही, त्याला रेघ लागते. धंद्याच्या सुरुवातीला मी एक जेपीजी कोरलमध्ये आणली, सीडीआर, म्हणजे कोरलची फाईल, म्हणून सेव्ह केली आणि व्हेक्टर झालं असं समजलो. पातं जागचं हललं नाही. मग ऑटो ट्रेस केलं, म्हणजे ठिपक्यांवरून रेघा सॉफ्टवेअरलाच काढू दिल्या, तर अक्षरांच्या कडांना करवतीसारखे दाते आले आणि सोलताना रेडियम फाटत गेलं. फाईलचं नाव बदललं म्हणून आतल्या ठिपक्यांच्या रेघा होत नाहीत. पीएनजीसुद्धा बिटमॅपच, फक्त पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते.

तरीही तुमची बैलजोडी व्हेक्टरमध्ये करू नका, असंच मी म्हणेन. गवळाऊ बैलाच्या खांद्यावरची करडी छटा, खुरांमागची धूळ, हे ठिपक्यांतच खुलतं. फ्लेक्स दुरून पाहतात, इंचाला ५० ठिपके पुरतात. दहा फुटांना ६००० ठिपके रुंदीचा कॅनव्हास घ्या आणि त्यावर चित्र पहिल्यापासून काढा. छोटं काढून नंतर ताणलं तर काही साधत नाही. मोबाईलला झेपत नसेल तर ३००० घ्या, उंच टांगलेल्या बॅनरला मी तेवढंही चालवतो.

मंडळाचं चिन्ह आणि अक्षरं मात्र व्हेक्टरमध्येच हवीत. त्यासाठी कॉम्प्युटरवर इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टच्या नुसत्या रेघा करून द्या, नाहीतर दुकानात तो फॉन्ट नसला की वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो लहान होतो, मग ६००० वर काढलेलं सगळं वाया.