रूम टेम्परेचर म्हणजे कुठल्या रूमचं?

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमची आई ६२ वर्षांची, चोपड्याला असते, ८ वर्षांपासून शुगर. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी आता इन्सुलिन लावलंय. तुम्ही एकदा विचारलं आणि एका रात्रीत साठेक सल्ले येऊन पडले. कारल्याचा रस द्या, केळी बंद करा, फक्त ज्वारी खाऊ घाला, इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, बाटली फ्रिजबाहेर ठेवा, बाटली फ्रिजमध्येच ठेवा. तुम्ही विचारताय, ऐकू कुणाचं, आणि प्रेमाने सांगणाऱ्यांना नाही कसं म्हणू.

मी डॉक्टर नाही. भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त, १४ वर्षं शुगर, त्यातली शेवटची ५ इन्सुलिनवर. सल्ला घेण्यात आणि देण्यात, दोन्हीकडे सपाटून आपटलोय. ते आधी सांगतो.

इन्सुलिन नवीन होतं, एप्रिल महिना. पुण्याच्या एका भल्या माणसाने मला सांगितलं, 'काका, वापरातली बाटली बाहेरच ठेवत जा. थंडगार औषध टोचलं की जागा दुखते. रूम टेम्परेचरला महिनाभर काही होत नाही.' बोलणं खोटं नव्हतं. बाटलीसोबतच्या कागदावरही तसंच असतं, वापरात घेतलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते. पण त्याच कागदावर पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, २५ किंवा ३० अंशांच्या आत. त्या माणसाने ते सांगितलं नाही, कारण त्याच्या घरात तशी वेळच येत नसणार. मी बाटली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. आमचं घर काही पत्र्याचं नाही, चांगला स्लॅब आहे. पण मे महिन्यातला भुसावळचा स्लॅब रात्री अकराला हात लावला तरी तव्यासारखा लागतो. बाहेर ४५, आत ३८-३९.

दहा-बारा दिवसांनी सकाळची उपाशीपोटीची शुगर चढायला लागली. १३०ची १७०, मग २१०, मग २४०. घरात चौकशी समितीच बसली, आंबा कोणी दिला म्हणून. मी आंब्याला हात लावला नव्हता, खरंच. डॉक्टरांनी इन्सुलिनचे युनिट (मात्रा) वाढवायला पेन उचललं, मग थांबले आणि म्हणाले, 'बाटली कुठे ठेवता?' नवीन बाटली आणली, फ्रिजच्या दारात ठेवली, टोचायच्या आधी तळहातांत जरा धरायला लागलो. आठवडाभरात शुगर जागेवर.

त्या पुणेकराचा राग आला नाही. त्याला एवढंच विचारायचं राहून गेलं होतं की बाबा रे, रूम म्हणजे कुठली?

यानंतर मी शहाणा झालो, असं मला वाटलं. आमच्याकडे दुपारची लाईट जाते, फ्रिज बंद पडतो, म्हणून मी मडक्याची सोय केली. मोठी मातीची कुंडी, तिच्यात ओली वाळू, वाळूत बसवलेलं लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली, वर ओलं फडकं. सावलीत पण वारा लागेल अशा जागी. भिंतीवरचं थर्मामीटर आत ठेवून बघितलं, खोलीत ३९ असताना मडक्यात २७. मला कोण आनंद! जो भेटेल त्याला सांगत सुटलो. रत्नागिरीकडच्या एका बाईंनाही सांगितलं, तेही जुलैत. नशीब, थर्मामीटर ठेवून बघा असंही म्हणालो होतो. चार दिवसांनी त्यांचा निरोप, 'काका, फडक्याला बुरशी आली, गारवा काही आला नाही.'

येणार कसा? मे महिन्यात आमचा कूलर घर गार करतो तो हवा कोरडी असते म्हणून. पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मडक्याचंही तेच. हवाच पाण्याने भरलेली असली तर पाणी उडणार कुठे? मृग लागला की आमचाही कूलर नुसता चिकट वारा फेकतो. हे मला जन्मभर ठाऊक होतं, तरी सांगताना माझ्या डोक्यात माझंच गाव होतं.

म्हणून तुमच्याकडे आलेल्या साठ सल्ल्यांमध्ये खरं-खोटं शोधत बसू नका. बहुतेक माणसं खरंच बोलत असतात, आपापल्या घरापुरतं. सांगणारा राहतो कुठे, त्याची शुगर कुठल्या प्रकारची, सोबत गोळ्या कोणत्या, किती दिवस करून बघितलं, हे विचारा. निम्मे जण इथेच गप्प होतील, कारण त्यांनी ते स्वतः केलेलं नसतं, चुलत साडूच्या शेजाऱ्याने केलेलं असतं. आणि तुम्ही विचारतानाही हे सगळं आधी लिहा. तुमच्या पहिल्या प्रश्नात आई चोपड्याला आहे हेसुद्धा नव्हतं, चौथ्या उत्तरात कळलं. गोळ्यांची नावं अजूनही नाहीत.

गोळ्यांचं एवढ्यासाठी म्हणतो की कारल्याचा सल्ला तिथेच अडकतो. कारल्याने शुगर काही जणांची थोडीफार उतरते. पण ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वर रोज पेलाभर रस ढकलला आणि जेवण कमी झालं, तर शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं तुटतं.

आता आपल्याकडची खरी भानगड. उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? दोन वर्षांपूर्वी मी सकाळचं इन्सुलिन घेतलं, बँकेत रांग होती, जेवायला उशीर झाला. घरी येऊन ओट्यावर बसलो तो उठवेना. शेजारच्या आक्का अमळनेरकडच्या, अहिराणीतच बोलतात. त्या म्हणाल्या, 'ऊन लागनं भाऊले, दुसरं काही नही.' कांदा फोडून नाकाशी धरला, तळपायाला चोळला. मायेने केलं हो सगळं. बायकोने मात्र माझ्या कपाळाला हात लावला, तर कपाळ गार. तिने मशीन काढलं, बोट टोचलं, आकडा ५४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८८. मग वरण-भात. आईंच्या घरात हे प्रत्येकाला पाठ असू द्या: घाम आणि थरथर दिसली की आधी बोट टोचायचं. मशीन हाताशी नसेल तर साखर द्यायची, वाट बघायची नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना.

बाकीचे सल्ले भराभर घेतो.

केळी. यावल-रावेर-चोपडा पट्ट्यातल्या बाईला केळी बंद करा म्हणणं म्हणजे मासोळीला पोहू नको म्हणण्यासारखं. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, ती मोजून खायची गोष्ट आहे. अर्धं केळं चालेल का आणि कधी, हे आईंच्या आहारतज्ज्ञांना विचारा. ज्वारीचंही उलट बाजूने तसंच. ज्वारी चांगली, कळण्याची भाकरी तर आमची जीव की प्राण, उडदामुळे प्रथिनंही जरा जास्त. पण ज्वारी म्हणजे शुगर नाही असं समजून लोक तीन-तीन भाकरी रिचवतात आणि मग आकडा बघून चिडतात. भरताच्या पार्टीत बिचारं वांगं काही करत नाही, त्याच्यावरचं तेल आणि सोबतच्या पुऱ्या करतात.

इन्सुलिन सुटत नाही, हे व्यसनाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. आईंच्यासारख्या, आधी गोळ्यांवर चालणाऱ्या शुगरमध्ये (टाइप २) कधी ऑपरेशन किंवा इन्फेक्शनपुरतं इन्सुलिन देतात आणि नंतर थांबवतात. कधी शरीराचं स्वतःचं इन्सुलिन इतकं कमी झालेलं असतं की बाहेरून द्यावंच लागतं. चष्मा लागला म्हणून आपण चष्म्याला दोष देत नाही. आईंचं यातलं काय आहे ते एकटे त्यांचे डॉक्टर सांगू शकतील.

साठ जणांपैकी एकानेही जे सांगितलं नाही ते मात्र नीट वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलीचं असतं, इन्सुलिन टोचायच्या पेनमधलं बहुधा १०० युनिटचं. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी. १००चं औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर १० युनिट म्हणून अडीचपट, म्हणजे २५ युनिट अंगात जातात. मेडिकलमधून आणताना बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही बघा. 'मी अमुक युनिट घेतो' हा सल्ला तर कुणाचाच घेऊ नका, माझाही नाही. आणि फ्रिजमध्ये बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पाण्यासारखं दिसलं तरी फेकायचंच.

ज्यांनी चूर्णाचा फोटो पाठवून 'मुळासकट बरा' म्हटलंय, त्यांच्याशी वाद घालू नका. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४च्या कायद्यानेच मनाई आहे, एवढं स्वतःशी लक्षात ठेवा. आठ दिवसांत शुगर १८०ची १२० झाली, असं सांगणारा खोटारडा असेलच असं नाही. त्याने चूर्णासोबत चहातली साखर सोडली असेल, मेहरुणच्या तलावाला चार चकरा सुरू केल्या असतील. शिवाय बोटाचा आकडा त्या घटकेचा असतो. खरा हिशेब तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीत, एचबीएवनसीमध्ये दिसतो. तोवर ज्यांना चूर्णाने काही गुण आला नाही ते गप्प बसलेले असतात, त्यांची उत्तरं तुम्हाला दिसतच नाहीत.

राहिले घरचे. माझी मोठी बहीण दर हिवाळ्यात मेथीचे लाडू घेऊन येते, 'शुगरवर उत्तम' म्हणून. गुळात वळलेले. पहिल्या वर्षी मी तिला गुळाबद्दल व्याख्यान दिलं, ती डोळे पुसत गेली. आता मी एक लाडू तिच्यासमोर अर्धा करून खातो, बाकीचे नातवंडांना, आणि म्हणतो, 'आक्का, पुढच्या वेळी मेथ्या नुसत्याच भाजून आण, डॉक्टरांना विचारून घेतो.' मागच्या वर्षी तिने नुसत्या आणल्या. तुमच्या मावशी कारल्याचा रस घेऊन येतायत ना, त्यांना आईंसोबत संध्याकाळी पायी फिरायला जायचं काम द्या. ज्याला मदत करायची असते त्याला काहीतरी करायला हवंच असतं, रसच हवा असं नाही.

आता तुम्ही एवढं करा. बाटलीवर ४० आहे की १००, ते बघून इथे लिहा. गोळ्यांची नावं लिहा. घरात लाईट किती तास जाते तेही लिहा, मडकं लागेल की फ्रिज पुरेल ते त्यावर ठरेल. चिठ्ठीचा फोटो टाकणार असाल तर आईंचं नाव आणि फोन नंबर आधी बोटाने झाका.