कोकणच्या पुळणीसाठी मराठवाड्याने पैसा का द्यावा?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही रत्नागिरीला गेलो होतो. मिऱ्याच्या किनाऱ्यावर पुळणीऐवजी, म्हणजे वाळूच्या पट्ट्याऐवजी, दगडांचा ढीग दिसला आणि त्याच्या डागडुजीवर पुन्हा पुन्हा सरकारी पैसा खर्च होतो, असे तेथे ऐकले. आमच्या गावात उन्हाळा लागण्याआधीच टँकर सुरू होतो. समुद्र नसलेल्या जिल्ह्यांच्या करातून हा खर्च का व्हावा?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मागास भागांच्या विकासाचा अनुशेष मोजून दाखवला, तेव्हापासून मराठवाडा हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आला आहे, आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले हे कोणी विसरलेले नाही. मात्र किनाऱ्याला मिळालेला रुपया आपल्या टँकरमधून काढलेला असतो, हे गृहीत बरोबर नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतून (आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठीच्या निधीतून) नदीकाठ व समुद्रकिनारा यांची धूप रोखण्यास १,५०० कोटी रुपयांची शिफारस केली, आणि त्याच निधीतून महाराष्ट्रासह बारा दुष्काळप्रवण राज्यांसाठी १,२०० कोटींची. म्हणजे धूप आणि दुष्काळ ही दोन्ही संकटे एकाच निधीत स्वतंत्र तरतुदींसह बसवलेली आहेत.

खरा आक्षेप खर्चाच्या पद्धतीवर घ्यायला हवा. लाट दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर आपटून मागे फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते; पुळण खाली जाते, दगड घसरतात, आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजारच्या वाडीची जमीन जोरात कापली जाऊ लागते. मग त्या वाडीलाही बंधारा हवा असतो. घरे अगदी पाण्याच्या तोंडाशी आलेली असतील तर दुसरा उपाय उरत नाही, हे मान्य. पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला आणि होड्या वर घ्यायला पुळणच लागते, आणि बंधाऱ्याने तीच जाते.

पुद्दुचेरीत १९८०च्या दशकात बंदराच्या भिंतींनी किनाऱ्यालगत वाहणारी वाळू अडवली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. अनेक वर्षे दगड टाकून झाल्यावर अलीकडे राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार पाण्याखाली बांध घालून आणि बंदराच्या मुखातली उपसलेली वाळू किनाऱ्यावर टाकून पुळणीचा काही भाग परत आणला गेला. अशी वाळू अधूनमधून पुन्हा टाकावी लागते, त्यामुळे निधी एकदाच देऊन भागत नाही. तरीही वाळूवर केलेला खर्च मला दगडावरच्या खर्चापेक्षा अधिक पटतो.

आणखी एक गोष्ट परभणीकरांच्या थेट जवळची आहे. कोकणातल्या नद्या वेगळ्या. आपली गोदावरी मात्र पैठण, गंगाखेड, नांदेड करीत बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, आंध्र प्रदेशात, त्रिभुज प्रदेशाचा काही भाग समुद्र खातो आहे आणि नदीवरच्या धरणांत अडकणारा गाळ हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. जायकवाडीचा गाळ आपल्याला तळाशी नको आहे, तिकडच्या मच्छीमाराला तोच किनाऱ्यावर हवा आहे, आणि पात्रातून उपसली जाणारी वाळू तर दोघांचेही नुकसान करते. त्यामुळे किनाऱ्याच्या खर्चाशी आपला संबंध नाही, असे मला म्हणवत नाही.

आपण विचारावे ते जिल्ह्यातच. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून, दुष्काळ सौम्यीकरणासाठी परभणीतून कोणते प्रस्ताव गेले, कोणते मंजूर झाले आणि किती रक्कम प्रत्यक्ष खर्च झाली, याची वर्षवार माहिती मागता येते.