‘धोका 31 टक्क्यांनी कमी’ म्हणजे नेमका किती?
कोलेस्टेरॉलच्या गोळीने धोका 31 टक्क्यांनी घटतो, म्हणजे 100 पैकी 31 जण वाचतात का, असे आपण विचारले आहे. तसे नाही. हा आकडा स्कॉटलंडमधील 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळतो. त्यात कोलेस्टेरॉल जास्त असलेले, परंतु आधी हृदयविकाराचा झटका न आलेले 6595 पुरुष होते. रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणारे त्यांच्यासारखेच 100 पुरुष डोळ्यांसमोर आणा: सुमारे 5 वर्षांत गोळीविना साधारण 8 जणांना झटका येतो किंवा हृदयविकाराने मृत्यू येतो, आणि गोळी घेतल्यास 5 ते 6 जणांना. म्हणजे 31 टक्के घट ही त्या 8 जणांमधली, आणि फायदा 2 ते 3 जणांना; 5 ते 6 जणांना गोळी घेऊनही त्रास होतोच, आणि बाकीच्या 92 जणांना गोळीविनाही झटका आला नसता.

वडिलांच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमागे मी 100 गोल काढून दिले, तेव्हा ते बोटाने मोजत बसले आणि मगच त्यांना निर्णय घेता आला. ‘माझ्यासारख्या 100 जणांत गोळीविना किती आणि गोळीसह किती?’ असेच डॉक्टरांना विचारावे, आणि दुष्परिणामांबद्दलही याच भाषेत विचारावे. मात्र ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांचा मूळ धोकाच मोठा असल्याने फायदाही मोठा असतो. त्यांनी हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये, ही कळकळीची विनंती.