७० टक्क्यांची फिल्म लावली तर चालेल का?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, ऑफिस मगरपट्ट्याला. सकाळी जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी येताना पण तोंडावरच, आणि दिवसभर गाडी उघड्यावर, सुटल्यावर स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. नाना पेठेत एका दुकानात गाडीच्या काचांना लावायची ७० टक्केवाली (म्हणजे ७० टक्के उजेड आत सोडणारी) सिरॅमिक फिल्म दाखवली, म्हणाला चारी बाजूंनी लावा मॅडम, एकदम लीगल. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा काळी लाव, गार राहील. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, मिस्टरांचं अजिबात ऐकू नका आणि दुकानदाराचं अर्धंच ऐका. उन्हातली जवळपास निम्मी उष्णता इन्फ्रारेडमधून येते, ती डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे काच काळी म्हणजे गाडी गार असं काही नसतं. चांगली सिरॅमिक जवळजवळ पारदर्शक असूनही उष्णता अडवते. स्वस्तातली काळी नुसता उजेड अडवते, स्वतः तापते आणि काही उन्हाळ्यांत जांभळी पडते, माझ्या जुन्या गाडीची पडली होती, लग्नाच्या मांडवातून आल्यासारखी दिसायची.

आता ते ७० टक्के. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० म्हणतो पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या किमान ५० टक्के उजेड आत सोडणारी हवी, पण हा हिशोब काच अधिक फिल्म असा एकत्र असतो आणि दुकानदार नेमकं तेच सांगत नाही. कंपनीची काच समजा ७८ टक्केवाली, त्यावर ७० ची फिल्म, गुणाकार केला की ५५ च्या आसपास येतं. बाजूला पास, पुढे-मागे नापास. काच मुळातच ७० ची असेल तर ४९, म्हणजे बाजूला पण गेलं. आधी मीटर लावून काच किती उजेड सोडते ते मोजायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

कायद्याचं म्हणाल तर २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फिल्मच बंद केली होती, मग १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलून मर्यादेतल्या फिल्मला वाव दिला, आणि २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने मर्यादेत असलेल्या फिल्मला दंड करता येणार नाही असं सांगितलं. पण ते केरळचं, आपल्या चौकातले मामा लांबून काच काळपट दिसली की आधी शिट्टी मारणार. बिलावर फिल्मचे टक्के लिहून घ्या आणि गाडीत ठेवा.

दुकानात दिव्यासमोर हात धरायला लावतात ना, त्याला फार भुलू नका, त्या दिव्यातून बहुतेक इन्फ्रारेडच येतं म्हणून फरक खऱ्या उन्हापेक्षा जास्त वाटतो. टीएसईआर किती ते विचारा, म्हणजे उन्हाची एकूण उष्णता किती अडते तो आकडा.

आणि खरं सांगू का, तुमचे दोन्ही त्रास पुढच्या काचेचे आहेत. तिथे काच ७८ ची असेल तर ९० ची पारदर्शक फिल्मच जेमतेम बसते, आणि डोळ्यावर येणारं ऊन तिने काही थांबणार नाही, त्याला सनव्हायझर आणि गॉगल. स्टिअरिंगसाठी पार्क केल्यावर पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावा, फिल्मपेक्षा कितीतरी स्वस्त. बाजूला सिरॅमिक लावलीत तर तीन-चार दिवस काचा खाली करू नका, टोलवर हात बाहेर काढायची सवय असेल तर विशेष.